पाहिजेत

आधी शब्दाला पैसे पडायचे.
'फिटर पाहिजे. अनुभवी. भेटा.'
एवढ्या चार शब्दांवर
सकाळी सातला फिटर गेटवर हजर.

मग खलीलनं जुन्या मोंढ्यात एक खोली घेतली.
खाली सरकीचा वास, वर तीन कॉम्प्युटर आणि आमची साइट.
जालन्यातल्या लोखंडाच्या भट्ट्या, बियाण्यांच्या कंपन्या
जिना चढून आमच्याकडं यायच्या.
शब्द आता मोजून घ्यायचे नव्हते,
म्हणून मी लांबवत न्यायचो:
होतकरू, निर्व्यसनी, मनमिळाऊ.
क्रेन चालवायला मनमिळाऊ कशाला? खलील विचारायचा.
पटायचं. पण खोडवायचं नाही.

आणि सुरुवातीला नेहमी, पाहिजे.
बरं वाटायचं टाइप करताना.
आमच्या घरी हा शब्द
फक्त किराण्याच्या यादीत असायचा.

गोदावरी वाव्हळ मंठ्याहून आली पहाटेच्या एसटीनं,
लेकरू कडेवर, बियाण्याच्या पॅकिंगसाठी.
जागा नऊ दिवसांपूर्वीच भरली होती.
आमची जाहिरात तेवढी उतरवायची राहिलेली.
ती ओरडली नाही.
म्हणाली, "नको झालं तं नको म्हणून लिवायचं नं.
पाहिजे पाहिजे काय करत बसले?"

खलीलनं तिच्यासमोर फोन सरकवला.
तेव्हापासून रोज दहाला ती एकेका कंपनीला विचारायची,
अजून पाहिजे का?
तिकडून नाही आलं की माझ्याकडं बघून
बोटानं हवेत आडवी रेघ ओढायची.
मी खोडायचो.
दोन वर्षं आमचा धंदा
खोडण्यावर चालला.

मग पुण्याचं ॲप आलं, फुकट.
मग बंगळुरूचं, ते उलट पैसे देणारं:
आणून दिलेल्या एका नंबरला दहा रुपये.
आयटीआयची पोरं आख्ख्या गल्लीचे नंबर विकून मोकळी झाली.
मग कंत्राटदारांचे ग्रुप, रात्री दोनलाही टिंगटिंग.
भट्टीवाले म्हणाले, खलीलभाई,
माणूसच फुकटात मिळायलाय,
जाहिरातीचे पैसे कामून द्यायचे?

'पाहिजे' गेलं. 'अर्जंट हायरिंग' आलं.
आणि आम्ही खोडलेल्या जागा
तिकडं जिवंत दिसू लागल्या,
माझ्या मनमिळाऊसकट.

चोर पकडायला एका रात्री मी लिहिलं:
'पाहिजेत. घाणेवाडी तलावावर चांदणं राखायला
दोन इसम. पाळी रात्रीची. काठी स्वतःची.
अमावास्येला भरपगारी सुट्टी.'
तिसऱ्या दिवशी ती जाहिरात दोन्हीकडं होती.
एकानं तर वर लाल पट्टी लावली, थोड्याच जागा शिल्लक.

खलील कितीतरी दिवसांनी हसला.
वकिलाला दाखवू म्हणाला, भजी मागवली.

पण त्यांच्या मशीननं नंबरही आमचाच उचलला होता.
दुपारपासून फोन सुरू झाले.
परतूर, भोकरदन, बदनापूर,
सेलूचा एक एम.ए., बी.एड.
चांदणं कशाला राखायचं, एकानंही विचारलं नाही.
विचारलं ते हे, की राहायची सोय आहे का,
बाईमाणूस चालेल का,
अमावास्येऐवजी सुट्टी बाजाराच्या दिवशी मिळेल का,
आणि वय बावन्न आहे साहेब, पण नजर चांगली आहे.

भजी गार झाली.
गोदावरी एकेकाला सांगत राहिली,
जागा नव्हतीच दादा, ते उगं लिवलं होतं.
काही जण म्हणायचे, भरली असंल तं भरली म्हणा, खोटं नका बोलू.

दिवेलागणीला शेवटचा फोन.
ती बराच वेळ नुसती ऐकत होती.
मी आधीच बोट उचललेलं, रेघ ओढायला.

फोनवर तळवा ठेवून ती म्हणाली,
"काठी हाय म्हणतो त्याच्याकडं.
काय सांगू?"