बदकाची माफी

महिन्यातून एका शनिवारी
नायगावच्या कामगार हॉलमध्ये
होरमस आपला प्रोजेक्टर घेऊन यायचा, टॅक्सीच्या डिकीतून,
आणि पडद्याच्या डाव्या अंगाला
स्टुलावर एक पाय ठेवून, माइक धरून
भाऊ उभे राहायचे.

भाऊ म्हणजे माझे वडील.
पोर्ट ट्रस्टमध्ये मालाच्या पावत्या लिहायचे.
साहेबाचं इंग्रजी त्यांना कागदावरून यायचं,
तोंडावरून तितकंसं नाही.
तरी कोण काय म्हणालं
ते तेच सांगायचे सगळ्यांना.

त्यामुळे आमच्याकडे हसू दोनदा यायचं.
आधी होरमस, एकटाच, मशीनमागे.
मग भाऊ सांगायचे.
मग साडेतीनशे माणसं,
आणि तोवर पडद्यावर कुणीतरी रडत असायचं.

होरमसकडे विनोदी प्रिंट चारच,
म्हणून हा सिनेमा फिरून फिरून यायचा.
काळा-पांढरा. माणसं अजब.
दिवाळं निघालेला लॉर्ड आपल्याच घरात बटलर होऊन राहतो,
जप्तीवाल्याला चहा विचारतो, साखर किती.
गावचे लोक एका पुलावरून दोन रिळं भांडतात
आणि आवाज कुणाचाच चढत नाही.
स्वयंपाकघर पेटलंय,
तरी दारावर टकटक करून विचारतात,
आत येऊ का?

चौथ्या रिळात लॉर्ड तळ्यात पडायचा.
सूट, टोपी, छत्री, सगळ्यासकट.
उभा राहायचा. पाणी कमरेपर्यंत.
टोपी नीट करायचा.
समोर एक बदक.
त्याच्याकडे बघून ओठ हलायचे,
आणि भाऊ माइकमध्ये:
“बदकाला म्हणतोय, माफ करा हं,
न विचारता तुमच्या घरात आलो.
एकटाच आहे. जेवायला थांबणार नाही.”

हॉल फुटायचा.

पहिल्या रांगेत केरोबा तात्या, हाताची घडी घालून.
बेचाळीसला खांद्यावर बसलेली लाठी
थंडीत अजून बोलायची.
त्यांनी ठरवलेलं, साहेब बघायचा,
पण साहेबाच्या विनोदाला हसायचं नाही.
एका शनिवारी बदकापाशी
त्यांच्याकडून काहीतरी आवाज आला.
“हसलो नाही,” तात्या म्हणाले, “ठसका लागला.”
पुढच्या महिन्यात तात्या
ठसका लागायला
बायकोलाही घेऊन आले.

होरमस गेला. तात्या गेले.
हॉलच्या जागी आता गाड्या उभ्या राहतात, सात मजले गाड्या.

गेल्या दिवाळीत मुलानं लॅपटॉपवर
तोच सिनेमा शोधून दिला, खाली अक्षरं येणारा.
मला धाकधूक होती, आता हसू येईल का.
आलं. जप्तीवाल्याच्या साखरेपासूनच आलं.
मग चौथं रीळ,
म्हणजे आता रीळ कुठलं, एक तास चार मिनिटं.
तो पडला. उभा राहिला. टोपी. बदक.
खाली एकच शब्द उमटला:
सॉरी.

मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तीनदा.
सॉरी. बस्स.
बाकीचं सगळं भाऊंचं.
आम्ही पाच जण अडीच वर्षं
मावशीच्या खोलीत राहिलो होतो, परळला.
भाऊ तिथे रोज रात्री
जेवून आलोय म्हणायचे.

त्यांना काही बोलले नाही.
ब्याण्णव वर्षांच्या माणसाला कसं सांगायचं
की तुमचं भाषांतर चुकलं होतं?

मार्चमध्ये ते बाथरूममध्ये घसरले.
दार ढकललं तर एक पाय बादलीत,
टॉवेल डोक्यावर, नळ चालू.
हाड मोडलेलं नाही हे नंतर कळलं,
तेव्हा मी नुसती ओरडत होते
आणि मुलगा हातातलाच फोन शोधत होता.
भाऊंनी डोक्यावरचा टॉवेल नीट केला.
समोर, गिझरखाली, आमची कायमची पाल.
तिच्याकडे बघून म्हणाले,
सॉरी.

मग आमच्याकडे वळून,
जरा थांबून,
भाषांतर केलं.