ळ

राऊच्या पुढे, बायपासला लागून ते केंद्र आहे.
रामबागेतून सकाळी सातची बस.
तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली,
लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, तेराव्याची निमंत्रणं.
आता छापखाने नाहीत. नोंदवह्या आहेत.

पानाला दोन रकाने.
डावीकडे मूळ, उजवीकडे प्रत.
मुळाला नाव, आडनाव, साकेतनगरचा पत्ता.
प्रतीला आकडा,
तोही अक्षरी, चेकवर लिहितात तसा.

नियमपुस्तकाचं पहिलं कलम व्याकरणाचं निघालं.
प्रतीबद्दल लिहिताना तो नाही, ती नाही. ते.
जेवलं. झोपलं. उंची वाढली.
शेवटी, जमा झालं.
(मेलं हा शब्द आढळल्यास खोडावा.)
मला पहिल्याच दिवशी हसू फुटलं होतं.
आपल्यात ते कुणाला म्हणतात?
ते रडतंय, घ्या हो त्याला कुणीतरी.
ते झोपेत दचकलं.
ते अजून दुधावर आहे.
हसलो, आणि खाली सही केली.

यंत्र भोपाळहून आलं, स्वतःला भोपालचं म्हणवतं.
त्यात ळ नाही.
डोळ्यांचे डोले छापतं, काळजाचं कालीज,
वेळेची वेल होते आणि उगाच पानभर पसरते.
मी लाल शाईने एकेक ळ जागेवर बसवतो.
याचेच मला पैसे मिळतात.
तिवारीसाहेब म्हणतात, एक अक्षर ही तो है, मुलेजी.
मी मुळे.
त्यांना दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं.

आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर, डावीकडे,
यंत्र छापतं : मूल.
पेन सगळ्यात आधी तिथे टेकतं.
मूल खोडायचं, मूळ करायचं.
मग बाकीचं.

प्रतींशी बोलू नये, असंही एक कलम आहे.
भाषा दिली की प्रत नाव मागते.
पण पोळ्या लाटणाऱ्या द्वारकाबाई चौरे
कलमं वाचत नाहीत, आणि हात चालू असताना
त्यांचं तोंड बंद राहत नाही.
म्हणून परवा गलियाऱ्यात
पायाशी येऊन उभं राहिलेलं ते
माझ्या डब्याकडे बघून म्हणालं,
केलं द्या.

काय केलं? मी विचारलं.
केलं, ते म्हणालं. पिवलं.
माझा नातू असाच मागतो, हुबेहूब.
त्याला घरात सगळे हसतात,
आजी तर पदर तोंडाला लावून.
सोलून दिलं. सालीसकट खायला निघालं होतं.

आज त्याचं पान समोर आलं.
प्रत : एकेचालीस.
दोन्ही डोले. शुक्रवार.

अशुद्ध पान भोपाळहून परत येतं.
यायला नऊ दिवस लागतात, मधे सुट्टी आली तर दहा.
एवढं मला ठाऊक होतं. एवढंच.
पेनाचं टोपण लावलं.
पान तसंच पुढे सरकवलं,
माथ्यावरच्या मूलसकट.
तिवारीसाहेबांनी बघितलंही नाही,
त्यांच्या कचोरीवर सेव कमी पडली होती.

परतीच्या बसमध्ये कुणीतरी पोह्यांची पुडी उघडली.
जिरावनाचा वास राजवाड्यापर्यंत सोबत होता.
नऊ दिवस, मी बोटांवर मोजत होतो,
जसं काही मी ते कमावलेत.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर बस थांबली,
बोटं संपली, आणि मोजणी
आपोआप उलटी फिरली.

एकेचाळीसच्या आधीची पानं.
एकही परत आलं नव्हतं.
तिवारीसाहेबांनी मिठाई आणली होती त्याबद्दल,
पाव किलो, सराफ्यातली.
बिनचूक पानं,
चाळीस.

यातला ळ
मीच घातलेला आहे.