वरचा एक

आम्ही पाच जण आहोत, ती म्हणाली,
अख्ख्या विद्यापीठात, घरी स्पॅनिश बोलणारे.
त्यातला एक यंदा पास होऊन जाणार.
"तरी उत्सव?" मी विचारलं.
"म्हणूनच," इत्झेल म्हणाली,
आणि अर्ज काचेखालून सरकवला.

शारजा, ऑक्टोबर. बाहेर अडतीस अंश,
आत माझ्या टेबलाशेजारी गळका एसी
आणि त्याखाली श्रीखंडाचा रिकामा डबा.
अंदाजपत्रक बघितलं:
मंच, स्पीकर, कागदी पताका, मक्याचं पीठ,
एकूण सहा हजार दोनशे दिरहम.
जमा: शून्य.
शून्याच्या पोटात कुणीतरी पेनाने
दोन डोळे आणि हसू काढलेलं.

मी नियम सांगितले. त्याचाच मला पगार मिळतो.
डबा फिरवायचा नाही. दारोदार जायचं नाही.
परवान्याशिवाय इथे हात पसरता येत नाही,
चांगल्या कामासाठीसुद्धा.
कुपनं विका, आवारातल्या आवारात, दहा दिरहमला एक,
प्रत्येकावर शिक्का. शिक्का माझ्याकडे.

बोलताना जीभ जरा अडखळली.
देवरुखला सातवीत असताना
पावतीपुस्तक घेऊन आम्ही किती उंबरे झिजवले होते.
वकिलांनी कुत्रं सोडलं.
मुळ्येकाकूंनी, ज्यांच्याकडे खरंच काही नव्हतं,
पदराची गाठ सोडून सव्वा रुपया दिला.
"वरचे चार आणे कशाला, काकू?"
"असू देत. नुसता रुपया दिला की संपलं."

चार गुरुवार ग्रंथालयाच्या पायऱ्यांशी टेबल लागलं.
शिओमाराची आई अजमानला रात्री जागून
एंपनादा तळायची:
मांसाच्या, चीजच्या,
आणि माझ्यासाठी वेगळ्या फडक्यात बटाट्याच्या.
करंजीच की, अगदी ओठांवर आलं होतं.
बोललो नाही. दुसऱ्याच्या पदार्थाला
लगेच आपलं नाव देऊ नये.

होआकीन, तो जाणारा,
लोकांना वाटायचं आता हा गाईल, आता नाचेल.
तो फक्त सुटे पैसे मोजायचा, ओठ हलवत, स्वतःच्या भाषेत.
हिशेब माणूस आईच्याच भाषेत करतो.
मी वीस वर्षं इथे आहे, अजून पावकी-निमकी म्हणतो.

सीरियाची रहफ पताका कातरायला बसली
आणि पक्ष्यांच्या जागी तिने डाळिंबं कातरली, कुणी अडवलं नाही.
फाटकावरच्या टेकबहादुरने दोन कुपनं घेतली,
एकाचं खाल्लं, दुसरं पाकिटात जपून ठेवलं.
अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तेवढी घासाघीस केली.

शेवटच्या दिवशी पन्नास कमी.
स्पीकरवाला मंजेरीचा, उधारीचं नाव काढू देईना.

मी पाच कुपनं घेतली. पन्नासची नोट,
वर एक नाणं.
"हे जास्त झालं," इत्झेल म्हणाली.
"असू दे."
"कशासाठी?"
इंग्रजीत सांगायला गेलो, जमलं नाही.
शेवटी म्हणालो,
आमच्याकडे देण्याघेण्याला पूर्णविराम देत नाहीत.
तिने मान हलवली,
तिच्या आजीच्या गावाचं नाव ऐकून
मी हलवतो तशी:
काही न कळता, मनापासून.

उत्सवाला थांबलो नाही, बस चुकली असती.
बसच्या काचेतून तेवढ्या दिसल्या
पिवळ्या दिव्यात हलणाऱ्या पताका, डाळिंबं,
आणि एक पोरगं, डोळ्यांवर पट्टी,
काठी हवेत फिरवत भलतीकडेच निघालेलं.

सोमवारी हिशेब मांडला.
जमा सहा हजार दोनशे एक.
खर्च सहा हजार दोनशे.
एका दिरहमाला कुपन नाही, शिक्का नाही,
संगणक लाल होऊन बसला.
वीस वर्षांत माझं खातं कधी चुकलं नव्हतं.
शेऱ्याच्या रकान्यात बराच वेळ बोट ठेवून
टाइप केलं: पुढच्या वर्षासाठी.

जूनमध्ये होआकीन गेला.
आता चार.
आणि वरचा एक.