तुडूम

दसाराम कापगतेंचा फोन आला,
"आवाज फाटते, बापा. नवा डबा आनला, तरी फाटते."
पालांदूरला पोचलो तर
मोबाइल पूर्ण, मिक्सर पूर्ण, अ‍ॅम्प पूर्ण,
आणि लाल दिवा असा ठाम
जणू तो लावायचाच असतो.

पस्तीस वर्षं राईस मिलमध्ये, हलरच्या डावीकडे.
उजवा कान तिथंच राहिला.
आता वाटी पडली तरी कळत नाही,
सून "जेवा" म्हणते तेही नाही.
म्हणून जे बटण हाती लागेल ते फिरवतात.

मी सगळं शून्यावर आणलं.
खोली एकदम मोठी झाली.

"काकाजी, बोडीचं तुडूम किती उघडता?"
"धानाले लागंल तेवढं."
"आणि पूर्णच उघडलं तर?"
"बांधी फुटते. रोवना वाहून जाते."
मग झालं तर.

मोबाइल बारा आणे.
त्याला कमी ठेवून अ‍ॅम्प चढवला
तर गाण्याआधी सूं सूं येते,
धान थोडं, कोंडा फार.
मिक्सर असा, की सगळ्यात जोराच्या ओळीला
पिवळा एखादवेळी डोकावेल, लाल नाही.
अ‍ॅम्प शेवटी. हळूच.

खंजिरीच्या चकत्या वेगवेगळ्या वाजल्या.
"हे होतं काय यात?" म्हणाले,
आणि आत जाऊन बिस्किटाच्या डब्यातून
एक कॅसेट घेऊन आले.
भजन मंडळ, मिल बंद झाली त्या वर्षीचं.

फाटली.
मी मिक्सर उतरवला, अ‍ॅम्प उतरवला,
अगदी कुजबुजीपर्यंत.
कुजबुजही फाटकीच.
"हे माझ्या हातचं नाही, काकाजी.
तुडुमावरच फुटलंय."

ते बराच वेळ डेककडं पाहत राहिले.
"मीच गाऊन रायलो हे.
मले माहाच आवाज येत नव्हता,
म्हून माइक तोंडात घेतला होता."

आम्ही ती बाजू संपेपर्यंत ऐकली.
मधेच लाइट गेली, आली, पुन्हा लावली.

निघताना सून ज्योत्स्ना नेलपॉलिश घेऊन आली,
प्रत्येक बटणापाशी एकेक गुलाबी ठिपका,
"याच्या पुढं नाही, बरं का."
मग फेरा घालून त्यांच्या डाव्या अंगाला गेली,
वाकली,
आणि होती त्याच आवाजात म्हणाली,
"जेवा."