समक्ष

विद्यार्थी विभाग, खिडकी क्रमांक दोन.
काचेला हाताएवढी फट, तीही कमरेच्या उंचीवर,
म्हणून इथे बोलायला आलेला प्रत्येकजण
आधी वाकतो.
बारा वर्षांत मला चेहऱ्यांपेक्षा
भांग जास्त पाठ झालेत.

नियमावली मीच टाइप केलेली.
चौऱ्याऐंशी पानं, स्पायरल बाइंडिंग,
मुखपृष्ठावर हसणारी चार मुलं,
जी आमच्या कॉलेजची नाहीत.
पान एकतीस: हजेरी पंचाहत्तर टक्क्यांखाली गेल्यास
पालकाने समक्ष उपस्थित राहून हमीपत्र द्यावे.
'समक्ष' ठळक करा, म्हणाले होते सर.
मी केलं.

पान बावन्न: समुपदेशन कक्ष.
दर गुरुवारी, दोन ते चार.
क्रीडासाहित्याच्या खोलीशेजारी, किल्ली लवट्यांकडे.
लवटे गुरुवारी बँकेत.

हर्षदा मायाप्पा यमगर, दुसरं वर्ष, एकसष्ट टक्के.
"वडील?"
"गलाईला."
विट्यात याहून जास्त सांगावं लागत नाही.
घराघरातला एकजण कुठल्यातरी लांबच्या पेठेत
दुसऱ्याच्या सोन्यातला मळ जाळत बसलेला.
"कुठे?"
"सेलमला."
"येतील कधी?"
"जत्रेला."
जत्रा चैत्रात. हमीपत्राची मुदत शनिवारपर्यंत.
"आणि आई?"
ती फटीतून माझ्या स्टेपलरकडे बघत राहिली.
फॉर्मात पुढचा रकाना नाही,
मीही विचारलं नाही.

"वर्गात का बसत नाहीस?"
"बसते की. मग दार लावत्यात."
"मग?"
"मग छातीत कायतरी हुतंय."
मी पान बावन्न सांगितलं.
"गुरुवारी दोन ते चार प्रॅक्टिकल असतंय, मॅडम.
तिथंबी पंचाहत्तर लागत्यात."

वेळापत्रकही मीच टाइप केलेलं.

शनिवारी पावणेपाचला तिने मोबाईल काचेला टेकवला.
आत एक माणूस. मागे भट्टी,
भिंतीवर तमिळ कॅलेंडर, त्यातला मुरुगन धुराने काळवंडलेला.
त्याने डोक्याचा टॉवेल काढला,
सदऱ्याचं वरचं बटण लावलं
आणि वाकला.
तिकडे, सेलममध्ये,
जिथे वाकायला कुठलीही फट नव्हती.

"नमस्कार मॅडम. पोरीचं काय चुकलं का?"
चुकलं नाही, म्हणाले. हजेरी.
तो गप्प झाला. मग, मी दंड लावीन
अशा भीतीच्या आवाजात:
"जेवती का ती?"

खोटं कशाला सांगू, माझा हात नियमावलीकडे गेला.
मेस पान चाळीसवर आहे:
दर, आगाऊ रक्कम, परतावा नाही.

मी उठले. बाजूच्या दाराने बाहेर गेले,
तिच्या शेजारी उभी राहिले, फोनात मावेन अशी.
तेव्हा कुठे तिचा चेहरा पाहिला.
डाव्या भुवईत टाक्याची जुनी खूण,
ओठ सोललेले.
"जेवेल," मी म्हणाले.
खात्री नव्हती.

रजिस्टरात लिहिलं: पालक समक्ष हजर.
सहीच्या जागी तिनेच बापाचं नाव लिहिलं,
पेन दोनदा थांबलं.

सोमवारी सरांनी बोट ठेवलं त्या ओळीवर.
"कुंभोजकर, समक्ष म्हणजे?"
"डोळ्यांसमोर, सर. माझ्या होते."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
पुढच्या आवृत्तीत व्याख्या टाका, म्हणाले.
ती अजून टाकलेली नाही.

गुरुवारची वेळ बदलण्याचा अर्ज
तीन टेबलं फिरून चौथ्यावर आहे.
तोवर मी लवट्यांकडून दुसरी किल्ली करून घेतली,
तीस रुपये, पावती नाही.
मधल्या सुट्टीत आम्ही दोघी तिथे बसतो,
व्हॉलीबॉलच्या जाळ्या बाजूला सारून.
बोलणं फारसं होत नाही.
मी काही समुपदेशक नाही,
आणि हे कुठल्याही पानावर नाही.

काल तिचा डबा तसाच परत गेला.
आज अर्धा.
दार मी उघडंच ठेवते.