टेम्पोचा पडदा

मखमलाबाद नाक्यावर सव्वासहाला
टेम्पो थांबतो. आम्ही चौदाजणी.
थंडी आठावर उतरलेली,
म्हणून मागचा ताडपत्रीचा पडदा
आतून गाठ मारून घट्ट.
आत अंधार, शालींचा वास,
कुणाच्यातरी डब्यातली मेथी,
आणि शिंका.

मोहाडीच्या पॅकहाऊसात मात्र
दारातच साबण,
डोक्याला टोपी, हाताला मोजे, तोंडाला मास्क.
रोशन सुपरवायझर अंगठीसुद्धा काढायला लावतो.
घड देठानंच उचलायचा,
मण्यावरची लव पुसायची नाही,
ती तश्शी रॉटरडॅमला पोचली पाहिजे.
आमचा श्वास द्राक्षाला लागता कामा नये,
हे तो दिवसातून चारदा सांगतो.

संध्याकाळी मास्क डब्यात.
पुन्हा तोच पडदा, तीच गाठ.

खोटं कशाला सांगू,
जानेवारीत पहिली मीच खोकले.
बुधवारी अंग फणफणत होतं.
खाडा म्हणजे साडेचारशे गेले,
म्हणून गोळी घेतली, आलं घालून चहा प्याले,
आणि चढले.
शुक्रवारी शेवंता. शनिवारी पाचजणी.
सोमवारी हौसाक्काची जागा रिकामी:
सातव्या महिन्यातली तिची सून
सिव्हिलला, नाकाला नळी.

अकरा दिवसांनी सून घरी आली.
हौसाक्का टेम्पोत माझ्याच शेजारी बसली,
डब्यातली चटणी पुढं केली.
तिला ठाऊक आहे की नाही,
मला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे.

आता दाराशी मी बसते.
गाठ सोडते, पडदा हातभर वर गुंडाळते.
वारं कानात शिरतं, बाया शिव्या घालतात,
मी ऐकून घेते.
आणि एक ठरवलंय, भांडून, दोन दिवस अबोला धरून:
जिला ताप, तिनं घरी झोपायचं.
बाकी तेराजणींनी पस्तीस-पस्तीस काढायचे.
साडेचारशे भरतात,
वरचे पाच गोळीला.
गिरजा अजून कुरकुरते,
देते मात्र.

काल सुटताना रोशनकडं कोरे मास्क मागितले.
म्हणाला, द्राक्षं तर गाडीत चढली,
आता कुणासाठी?
मी नुसतं टेम्पोकडं बोट केलं.
तो थोडा वेळ बघत राहिला,
मग खोकं उघडून चौदा मोजू लागला.

तेरा, म्हटलं मी.
पिरताबाई आज घरी आहे.