खाट नंबर सात

भूल उतरताना तिची बोटं विड्या वळत होती.
चादरीच्या काठाची घडी, अंगठ्याची दाबणी, टोक मुडपणं,
मग पुढची.
तंगेव्वा हिरेकोडी, वय चव्वेचाळीस,
गर्भाशय काढलं दुपारी साडेतीनला.
मला हसू आलं. फाईलवर लिहिलं: शुद्धीवर, बोलते.

रात्री दोनला बोटं थांबली होती.

थांबलेली बोटं हा काही आजार नाही.
निपाणीत बायका रात्री झोपतात, वखारीही झोपतात,
तंबाखूचा वास तेवढा जागा असतो
खिडकीच्या जाळीला नाक लावून.
हौसाबाई म्हणाली, झोपलीया की ती, कशाला उठवालाय?

उठवलं.
"संकट आगाक हत्तैतिरी, अक्का."
आमच्याकडे संकट बाहेरून येतं,
पूर, धाड, वसुलीवाला.
तिच्या कानडीत ते पोटात असतं,
आत काहीतरी धड नाही, एवढंच त्याचं नाव.
नोकरीला लागले तेव्हा हा शब्द ऐकून
मी बायकांना घरचं काय झालं म्हणून विचारायची.

नख दाबलं, रंग परतून येतो का बघायला.
पण तीस वर्षांच्या जर्द्याने पिवळं पडलेलं नख
कुणाला काही सांगत नाही.
खालचा ओठ उलटवला.
धुतलेल्या तांदळाचा रंग.
नाडी दहाला अठ्ठ्याऐंशी, बाराला शहाण्णव,
आता एकशे बारा.
बीपी शंभरावर शहात्तर.
एकेकट्या आकड्याला विचारावं तर म्हणतो, मी काय केलं?
ओळीत उभे केले की दिसतं,
सगळे एकाच वाटेने निघालेत.
लघवीच्या पिशवीत तासाभरात पंधरा मिली.
ड्रेसिंग कोरडं.
कोरडं ड्रेसिंग फार गोड बोलतं.

डॉक्टर अंकलगी झोपेतून म्हणाले,
गॅस असेल, पॅन्टॉप द्या, सकाळी बघू.
बरं सर, म्हटलं.
फोन ठेवला.

चिक्कोडीला, दुसऱ्याच वर्षी,
अशाच एका "बरं सर"नंतर मी लिहिलं होतं,
पेशंट शांत आहे.
तो होताच शांत. साडेपाचला तर फारच.
कुणी मला दोष दिला नाही. माझे कागद बरोबर होते.

पुन्हा फोन लावला.
खाट, ऑपरेशन, तिन्ही नाड्या, पंधरा मिली, ओठ.
आतून रक्त जात असावं असं मला वाटतं.
तुम्ही यायला हवं सर. आत्ता.
पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.
मग चावीचा.

ते आले तेव्हा एका पायात बायकोची चप्पल होती.
तोवर दुसरी सुई लागली होती, जाड,
ग्रुपिंगला नमुना गेला होता,
हौसाबाई न सांगता दिवे लावत चालली होती.
रक्ताच्या पिशवीवरचा नंबर
ललिता बडिगेर कानडीत वाचायची, मी मराठीत.
एळु, सात. सोन्नी, शून्य. मूरु, तीन.
घाई होती, म्हणून दोनदा.

पहाटे चारला सापडली
एक सैल गाठ, मुगाच्या दाण्याएवढी.
शाबासकी वगैरे कुणी दिली नाही.
मला अजून अकरा खाटांचे चार्ट भरायचे होते.

तिसऱ्या दिवशी ती उशीला टेकून बसलेली,
हात मांडीवर, बोटं स्वस्थ.
माझ्या पोटात गोळा आला.
काय झालं तंगेव्वा, विड्या?
"सूटी ऐतिरी," ती म्हणाली,
आणि टाक्यांवर हात धरून हसली.

म्हणजे ती खूणही गेली.
मी तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं,
पूर्ण एक मिनिट.